बेडसोर: मायेपोटी होणाऱ्या या चुका टाळा

रुग्णालयात दाखल असलेल्या दर 100 प्रौढ रुग्णांपैकी साधारण 12 ते 13 जणांच्या अंगावर बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाब येऊन होणारी जखम, आढळतो. जगभरातल्या अभ्यासांची बेरीज करून 2020 साली निघालेला हा आकडा आहे. त्याच अभ्यासाप्रमाणे सुमारे 8 टक्के रुग्णांना तो दाखल झाल्यानंतर होतो. मला यातली आशेची गोष्ट वाटते ती वेगळीच. सापडलेल्या बेडसोरपैकी 40 टक्क्यांहून जास्त पहिल्या पायरीवरचे असतात, म्हणजे कातडी अजून फुटलेली नसते. तिथून परत फिरता येतं. पण नेमक्या त्या एक-दोन दिवसांत घरची माणसं मायेपोटी नको ते करून बसतात.

लाल डाग चोळणं

माकडहाडावर लाली दिसली की तेल, नाहीतर स्पिरिट चोळून वर पावडर, ही सवय फार जुनी आहे. ती सोडा. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेंगरून तिथला रक्तपुरवठा तुटलेला असतो. चोळल्याने आतल्या नाजूक रक्तवाहिन्या आणखी फाटतात, आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते.

चोळण्याऐवजी लालीवर बोट दाबून उचला. जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून खेळतं आहे. दाबूनही ती तशीच लाल राहिली, तर तो बेडसोरच धरा आणि सिस्टरना लगेच दाखवा. आपल्या सावळ्या रंगावर लाली बरेचदा दिसतच नाही. म्हणून हात फिरवून बघा: आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते का, जांभळट झाक आहे का, हात लावला की रुग्ण कण्हतो का. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहायची. ऑक्सिजनचा मास्क, नाकातली नळी, लघवीची नळी (कॅथेटर) यांच्याखालीही जखमा होतात. कानामागे तर कुणी बघतच नाही.

‘आत्ताच डोळा लागलाय, नका हलवू’

धडधाकट माणूस झोपेतही कूस बदलत असतो. पक्षाघात झालेल्या किंवा खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला ते जमत नाही, म्हणून ते आपण करायचं, रात्रीसुद्धा. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 पासून मणक्याच्या रुग्णांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवण्याची शिस्त लावली. दोन तासांचा तो नेम आजही अनेक वॉर्डांत पाळला जातो. कुणाला त्याहून लवकर वळवावं लागतं, ते डॉक्टर सांगतील. मणक्याला मार असेल किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, तर कसं वळवायचं हेही आधी विचारून घ्या.

पूर्ण आडवं कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी देऊन 30 अंशांइतकंच कलतं ठेवा. पोटरीखाली उशी अशी सरकवा की टाचा अधांतरी राहतील. कागदावर वेळ आणि बाजू लिहून तो पलंगाला लावा, म्हणजे दिवसपाळीची मावशी गेली तरी रात्रीच्या माणसाला विचारत बसावं लागत नाही.

तासन्‌तास टेकून बसवणं

भेटायला माणसं आली की पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली जाते आणि रुग्ण हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड मात्र पुढे सरकतं आणि मधलं मांस पिळलं जातं. मग कुणीतरी बगलेत हात घालून वर ओढतं, तेव्हा पाठ पुन्हा घासते. जेवताना आणि नंतर थोडा वेळ उंच बसवावंच लागतं, नाहीतर ठसका लागेल. एरवी, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, 30 अंशांच्या वर नको. वर घ्यायचं असेल तेव्हा दोघांनी खालची आडवी चादर धरून उचलावं.

एअर बेड आणला म्हणजे झालं

एअर बेड, म्हणजे हवा भरलेली गादी, आणल्यावरही कूस बदलावीच लागते. शिवाय प्लास्टिक गरम होतं म्हणून त्यावर मेणकापड, गोधडी, वर दुहेरी चादर घातली जाते आणि बेडचा उपयोगच संपतो. एक पातळ, सुरकुती नसलेली चादर पुरे. हवा बरोबर आहे का ते तपासायला माकडहाडाच्या रेषेत एअर बेडखाली तळहात सरकवा. वरून हाड हाताला टेकल्यासारखं लागलं, तर हवा कमी आहे. मधे भोक असलेली रिंग उशी आणि टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्ह, दोन्ही बंद करा. रिंगच्या कडेने उलट रक्तपुरवठा अडतो.

डायपर आणि पेज

शौच झाल्यावर ‘सकाळी एकदम बदलू’ नको. भिजलेली कातडी लवकर सोलते. कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

आजाऱ्याला पेज, साबुदाणा आणि नारळपाणी देऊन कातडी भरून येत नाही, त्याला प्रथिनं लागतात. बेडसोर असलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 1.25 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 75 ते 90 ग्रॅम. अंडी, दूध, पनीर, घट्ट वरण, मासे यांतून ती द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

जखम झाल्यावर घरचे प्रयोग

हळद, कॉफी पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही जखमेत भरू नका. काळी खपली घरी कापू नका. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. ताप, दुर्गंधी, पू, भोवती पसरणारी लाली किंवा रुग्णाची अचानक वाढलेली गुंगी, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या धावपळीत एक काम राहून जातं. रुग्णाला कुशीवर वळवून सिस्टरसोबत पाठ आणि टाचा बघून घ्या, जखम असेल तर तिचं माप आणि ड्रेसिंग कधी बदलायचं ते कार्डावर लिहून मागा.