वाफेने ओव्हनची सफाई: कमी तापमानाची सायकल कशी वापरावी

मुंबईतल्या नव्या इमारतींमध्ये ओट्याखाली किंवा उंच कपाटात बसवलेला विजेचा ओव्हन आता नवलाचा राहिलेला नाही, आणि अशा अनेक ओव्हनच्या पॅनेलवर ‘स्टीम क्लीन’, ‘अ‍ॅक्वा क्लीन’ किंवा अशाच एखाद्या नावाचे बटण असते. पुष्कळ घरांत हे बटण कधी दाबलेच जात नाही. किंवा कित्येक महिने साचलेला काळा थर निघेल या आशेने ते एकदा दाबले जाते आणि थर जागचा हलला नाही, की ही सोय निरुपयोगी ठरवून सोडून दिली जाते. असे होणे मला खरोखर वाईट वाटते, कारण ही सोय उपयोगी आहे. मात्र ती कोणत्या कामासाठी आहे हे आधी समजून घ्यावे लागते. पाणी आणि थोडी उष्णता वापरणारी ही सायकल ताज्या डागांसाठी आहे. ती डाग सैल करते, आणि सैल झालेला डाग पुसून काढण्याचे काम आपल्यालाच, आणि तेही वेळेवर, करावे लागते.

सर्वप्रथम आपल्या ओव्हनमध्ये ही सोय आहे याची खात्री करून घ्यावी. ओट्यावर ठेवायच्या साध्या ओटीजीमध्ये, म्हणजे ‘ओव्हन-टोस्टर-ग्रिल’मध्ये, ती सहसा नसते, आणि ओटीजीच्या तळाशी तापणाऱ्या कांड्या उघड्याच असतात, म्हणून त्यात तळावर पाणी ओतण्याचा प्रयोग कधीही करू नये. गॅसवर चालणाऱ्या ओव्हनलाही हेच लागू आहे, कारण तळाखाली बर्नर असतो आणि तळाला भोके असतात. मायक्रोवेव्हमध्ये वाडग्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी ठेवून वाफ धरण्याची पद्धत अनेकांना माहीत असते. तत्त्व तेच असले तरी तिथे पाणी वाडग्यातच राहते. आपल्या ओव्हनच्या माहितीपुस्तिकेत तळावर पाणी ओतून चालवायच्या सायकलीचा स्पष्ट उल्लेख असेल, तरच पुढील पद्धत वापरावी.

स्वतःहून साफ होणारे ओव्हन तीन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत केल्यामुळे अपेक्षाही चुकतात. पायरोलिटिक ओव्हन आतले तापमान ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो, दरवाजा आपोआप बंद करून घेतो, आणि दोन-तीन तासांत सगळ्या खरकट्याची राख करतो. कॅटालिटिक ओव्हनच्या आतल्या बाजूंना खरखरीत पत्रे असतात, जे नेहमीच्या बेकिंगच्या तापमानातच त्यांच्यावर उडालेली चरबी हळूहळू जाळतात. ते पत्रे घासायचे नसतात. तिसरा प्रकार आपल्या विषयाचा. यात तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास किंवा त्याखालीच ठेवतात. अमेरिकेतील व्हर्लपूल कंपनीच्या ‘अ‍ॅक्वालिफ्ट’ पद्धतीत ते २०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ९३ अंश सेल्सिअसच्या खाली राहते आणि सगळे काम तासाभराच्या आत होते; इतर काही कंपन्यांच्या सायकली वीस-तीस मिनिटांच्याच असतात.

मुंबईच्या घरांचा विचार केला तर मला कमी उष्णतेचा हा मार्ग अधिक सोयीचा वाटतो. पायरोलिसिसमध्ये धूर आणि उग्र वास सुटतो, स्वयंपाकघर चांगलेच तापते, आणि आपली स्वयंपाकघरे बहुधा लहान, बैठकीच्या खोलीला लागून असलेली आणि एकाच खिडकीवर भिस्त असलेली असतात. घरात लव्हबर्ड किंवा बजरीगर असतील तर काळजी आणखी वाढते, कारण अतितप्त ओव्हनमधून, विशेषतः नॉनस्टिक लेप दिलेली भांडी आत राहून गेली असतील तर, निघणाऱ्या वायूंनी पक्ष्यांचा जीव जाऊ शकतो. वाफेच्या सायकलीत हे काहीच होत नाही. तिची मर्यादा मात्र तितकीच स्पष्ट आहे: जे ५०० अंशांना जळून जाते, ते ९० अंशांना जळणार नाही.

ही मर्यादा नेमकी कुठे आहे, हे डागांच्या स्वभावावरून कळते. ओव्हनच्या आतला गुळगुळीत थर म्हणजे पोलादी पत्र्यावर भट्टीत वितळवून चिकटवलेली काच, म्हणजेच इनॅमल. त्यावर केकच्या मिश्रणाचा थेंब पडला, तंदुरी चिकनच्या मसाल्यातले दही गळले, किंवा नानकटाईतले तूप पाझरले, तर सुरुवातीला तो डाग केवळ वर बसलेला असतो. वाफेच्या ओलाव्याने साखर विरघळते, पीठ आणि दह्यातली प्रथिने पाणी शोषून फुगतात, तूप तर साधारण ३५ अंशांनाच पातळ होते, आणि पाणी डागाच्या कडेखाली शिरून त्याला इनॅमलपासून सुटे करते. हाच डाग न पुसता ओव्हन पुन्हा २०० अंशांवर तापवला, की तेलाचे रेणू हवेतील प्राणवायूमुळे एकमेकांना जोडले जातात, साखरेचा कोळसा होतो, आणि पिवळसर-काळा, कठीण थर तयार होतो. हा थर पाण्यात विरघळत नाही आणि वाफेने मऊ होत नाही. म्हणून ही सायकल दोन बेकिंगच्या मध्ये चालवायची असते. रविवारी दुपारी पनीर टिक्का भाजला असेल, तर रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी. दिवाळीच्या बेक केलेल्या शंकरपाळ्यांसाठी ओव्हन तापवल्यानंतर नव्हे.

आता प्रत्यक्ष पद्धत. ओव्हन पूर्ण थंड असला पाहिजे. तापलेल्या इनॅमलवर गार पाणी पडले तर अंगावर एकदम वाफ येते आणि इनॅमलला बारीक तडेही जाऊ शकतात. जाळ्या, ट्रे आणि बाजूचे सुटे होणारे कठडे बाहेर काढावेत आणि ते सिंकमध्ये कोमट साबणाच्या पाण्यात भिजत घालावेत. सायकलीचा वेळ त्यांच्या कामी येतो. सुटा चुरा, करपलेले कण कोरड्या कापडाने आधीच टिपून घ्यावेत, नाहीतर ते पाण्यात मिसळून त्यांचा गाळ होतो आणि तो कोपऱ्यांत जाऊन बसतो. दरवाजाखाली फरशीवर एक जुना टॉवेल अंथरावा. पाणी कडेवरून ओघळते, आणि मॉड्युलर कपाटाच्या प्लायवूडला ते मानवत नाही.

पाणी किती आणि कोणते, हा प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे. प्रमाण साधारण ४०० मिलिलिटरच्या आसपास असते, पण प्रत्येक मॉडेलचे वेगळे असल्यामुळे पुस्तिकेतला आकडा घ्यावा आणि तो मापाच्या कपानेच मोजावा, कारण घरातल्या वाट्या सारख्या नसतात. काही कंपन्या पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब घालायला सांगतात, तर काही निव्वळ पाणीच वापरायला सांगतात. काही कंपन्यांना डिस्टिल्ड किंवा गाळलेले पाणी हवे असते, तर काही डिस्टिल्ड पाणी वापरू नका असे बजावतात. इथेही आपल्या पुस्तिकेचेच ऐकावे. साधे पाणी चालत असेल, तर मुंबई महानगरपालिकेचे नळाचे पाणी या कामाला चांगले आहे. भातसा, तानसा, वैतरणा आणि इतर तलावांत साठलेले ते पावसाचे पाणी असल्यामुळे त्यात क्षार कमी असतात. परंतु अनेक सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणीही टाकीत मिसळले जाते. बादलीच्या किंवा शॉवरच्या कडेवर पांढरे डाग साचत असतील, तर ते क्षारच होत, आणि वाफ उडून गेल्यावर तेच ओव्हनच्या तळावर पांढऱ्या वलयांच्या रूपाने दिसतील. अशा घरांत पिण्याच्या फिल्टरचे पाणी घ्यावे.

पाणी तळाच्या मध्यभागी, जिथे थोडा खोलगट भाग असतो तिथे सावकाश ओतावे. बाजूच्या भिंतींवर शिंतोडे असतील, तर फवाऱ्याच्या बाटलीने त्यांवर पाणी मारून ठेवावे, कारण तळाला जितका ओलावा मिळतो तितका भिंतींना आणि छताला मिळत नाही. मागच्या पंख्याच्या जाळीवर, दिव्यावर आणि वरच्या कांडीवर फवारा मारू नये. मग दरवाजा बंद करून सायकल सुरू करावी आणि ती संपेपर्यंत उघडू नये. मध्येच उघडल्यास कोंडलेली वाफ निघून जाते आणि तिच्यावरच तर हे सगळे काम अवलंबून असते.

सायकल संपल्याची सूचना मिळाल्यानंतर काही ओव्हन थंड होण्यासाठी आणखी थोडा वेळ घेतात. तो जाऊ द्यावा, पण पुढे विसरून जाऊ नये. माझ्या मते या पद्धतीचे यश या टप्प्यावरच ठरते: ओव्हन हात घालण्याइतका कोमट झाला, की लगेच पुसायला घ्यावे. तासन्‌तास तसाच ठेवला, तर सैल झालेला डाग पुन्हा वाळून चिकटतो आणि फुकट घालवलेली वीज तेवढी हाती राहते. दरवाजा उघडताना थोडे बाजूला उभे राहावे. तळावर उरलेले मळके पाणी आधी स्पंजने टिपून घ्यावे, कारण त्यातच चरबी तरंगत असते आणि ते भिंतींवर फिरवले तर तेलकट पट्टे उमटतात. त्यानंतर स्वच्छ ओल्या कापडाने छत, भिंती, तळ या क्रमाने पुसावे. जिथे डाग अजून धरून बसला असेल, तिथे नायलॉनच्या घासणीने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने हलकेच खरवडावे. दरवाजाची काच आतून पुसावी. तिच्या कडेची रबरी पट्टी मात्र घासू नये, नुसती ओल्या कापडाने टिपावी, कारण तिला चीर गेली तर उष्णता आणि वाफ दोन्ही बाहेर पडतात.

तारेची घासणी, सुरी आणि धातूचे पाते यांना इथे पूर्ण मज्जाव आहे. इनॅमलवर ओरखडा उठला की पुढचे डाग त्याच चरीत रुतून बसतात, आणि काचेवरचा ओरखडा तापल्यावर ती तडकण्याचे कारण ठरू शकतो. घरात सफाईचे काम दुसऱ्या कोणाकडे असेल, तर त्या मावशींना हे नीट सांगून ओव्हनची घासणी वेगळी द्यावी. कढई लखलखीत करणारी घासणी त्या ओव्हनलाही मायेनेच लावतील. कॉस्टिक सोडा असलेले ओव्हन क्लीनरही टाळावेत, विशेषतः ज्या ओव्हनला वाफेने साफ होण्यासाठी खास लेप दिलेला असतो त्यात, कारण त्याने लेप खराब होऊ शकतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस इनॅमलवर लावून ठेवणेही बरे नाही. आम्लाने चकाकी जाऊन फिकट डाग पडू शकतात. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण फेस दिसत असला तरी दोघे एकमेकांचा प्रभावच संपवतात.

डाग पहिल्या खेपेत अर्धवट निघाला असेल, तर लगेच दुसरी सायकल चालवणे योग्य आहे. पाणी नवे घ्यावे. तळावरच्या हट्टी डागावर पाणी आणि द्रव साबणाचा थेंब घालून ते रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी सायकल चालवावी, म्हणजे फरक जाणवतो. जुना काळा थर मात्र या मार्गाने जाणार नाही. पुस्तिकेत परवानगी असेल तर खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट त्यावर लावून काही तास ठेवावी आणि प्लास्टिकच्या कडेने थोडा थोडा काढावा. तापणाऱ्या कांड्यांना पेस्ट लागू देऊ नये आणि त्या वेळी ओव्हनचा मुख्य स्विच बंद ठेवावा. असा थर एकदा मेहनतीने काढला, की पुढची जबाबदारी वाफेच्या सायकलीवर सोपवता येते.

शेवटी ओव्हन आतून कोरडा करणे राहते, आणि मुंबईत ते उन्नीस-बीस करून चालत नाही. जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की बंद ओव्हनमध्ये उरलेले पाणी आपोआप वाळत नाही; जाळ्यांच्या कठड्यांच्या खोबणीत, स्क्रूंभोवती आणि जिथे इनॅमल थोडे उडाले असेल तिथे गंज धरतो, आणि कुबट वास येतो. कोरड्या कापडाने पुसून झाल्यावर दरवाजा उघडा ठेवावा, किंवा पावसाळ्यात रिकामा ओव्हन १०० अंशांवर पाचेक मिनिटे चालवून मग दरवाजा अर्धवट उघडा ठेवून थंड होऊ द्यावा. जाळ्या आणि ट्रे पूर्ण वाळल्यावरच परत आत लावाव्यात. दरवाजाच्या दोन काचांच्या मध्ये पाण्याचे थेंब दिसत राहिले आणि एक-दोन दिवसांतही गेले नाहीत, तर रबरी पट्टी किंवा काचेची जोडणी सैल झालेली असू शकते. दरवाजा स्वतः न उघडता कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवावे.