बाळ घास नाकारते तेव्हा: वरच्या अन्नाची सुरुवात

उष्टावणाच्या दिवशी घर माणसांनी भरलेले असते, मामाच्या हातात चांदीची वाटी असते, तीन-चार मोबाईल छायाचित्रासाठी सज्ज असतात आणि नेमके त्याच क्षणी बाळ ओठ घट्ट मिटून मान फिरवते. नाशिकमध्ये पंचवटीपासून सिडकोपर्यंत घरोघरी असेच घडते आणि त्याच संध्याकाळी ‘बाळ काही खातच नाही’ ही तक्रार सुरू होते. वास्तविक बाळाने त्या दिवशी गर्दी नाकारलेली असते. खिरीविषयी त्याचे मत अजून बनलेलेच नसते. समारंभ हौसेने करावा, मामाने खिरीचे बोट ओठांना लावावे, पण भरवण्याची खरी सुरुवात दुसऱ्या दिवशी, बाळाजवळ एक-दोनच माणसे असताना, सकाळच्या निवांत वेळी करावी.

सहा-सात महिन्यांच्या बाळाला हट्ट करता येत नाही. ते तोंड मिटते तेव्हा पोट भरलेले असते, झोप आलेली असते, घास त्याच्या जिभेला पेलत नसतो, बसण्याची पद्धत गैरसोयीची असते किंवा मागच्या वेळी केलेली जबरदस्ती त्याच्या लक्षात राहिलेली असते. भरवणाऱ्याने या पाचांपैकी कोणते कारण आहे हे ओळखायचे असते. पदार्थ बदलत राहणे हा त्यावरचा सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी उपाय असतो.

सुरुवात सहा महिने, म्हणजे १८० दिवस पूर्ण झाल्यावर करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरात साठलेले लोह या सुमारास संपत येते आणि आईच्या दुधातून मिळणारे लोह पुरेनासे होते. याच सुमारास बाळ आधाराने बसू लागते, मान सावरते आणि चमचा लागताच जीभ बाहेर ढकलण्याची त्याची जन्मजात प्रतिक्रिया ओसरते. ती पुरती ओसरलेली नसेल तर पहिले काही दिवस घास हनुवटीवर येतो. त्याला नकार समजू नये. तो चमच्याने गोळा करून पुन्हा द्यावा. आईचे दूध मात्र चालूच ठेवायचे असते, दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही हवे तितके. म्हणूनच आपण याला ‘वरचे’ अन्न म्हणतो.

वेळ आणि बैठक

बाळ अगदी भुकेजले असताना चमचा पुढे केला तर ते रडते, कारण त्या क्षणी त्याला फक्त दूध ठाऊक असते. नुकतेच दूध प्यायले असताना दिले तर पोटात जागाच नसते. शेवटचे दूध पाजून तास-दीड तास झाला आहे, झोप झालेली आहे आणि बाळ खेळते आहे, अशी वेळ निवडावी. दिवसभरात दर अर्ध्या तासाला थोडे दूध, मध्येच बिस्कीट, मध्येच फळाचा रस असे चालू असेल तर बाळाला भूक लागायला वेळच मिळत नाही. ‘न खाणाऱ्या’ कित्येक बाळांच्या बाबतीत एवढीच एक गोष्ट दुरुस्त करावी लागते.

बाळाला आडवे पायांवर घेऊन भरवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. आडव्या बाळाच्या तोंडात अन्न ओतले जाते, ते खाल्ले जात नाही, शिवाय ठसका लागून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बोंडल्याविषयीही हेच म्हणावे लागेल. आजीच्या काळातील चांदीचे बोंडले जपून ठेवावे, पण त्याच्या चोचीत साचलेले अन्न नीट धुता येत नाही आणि त्यातून फक्त पातळच देता येते. पाठ ताठ राहील असे मांडीवर किंवा उंच खुर्चीत बसवावे, भरवणाऱ्याने बाळाच्या डोळ्यांसमोर बसावे आणि लहान, उथळ चमचा खालच्या ओठावर टेकवून थांबावे. बाळ स्वतः तोंड उघडून पुढे झुकेपर्यंत थांबणे हे साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत अवघड काम आहे आणि ते मोठ्यांनाच करायचे असते.

दाटपणा: जिथे बहुतेकांचे चुकते

आपल्याकडे बाळाचे पहिले अन्न म्हणजे डाळीचे वरचे पाणी किंवा भाताची पेज, असा समज फार खोलवर रुजला आहे. बाळाचे पोट लहान असते. ते पाण्याने भरले तर त्याला ना ऊर्जा मिळते, ना प्रथिने, ना चावण्याचा सराव. कसोटी सोपी आहे: चमचा तिरका केला तरी अन्न चटकन ओघळता कामा नये. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त दिवसाला साधारण २०० कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५० कॅलरी वरच्या अन्नातून मिळाव्या लागतात. पातळ पेजेतून त्या मिळणे अशक्य आहे.

यासाठी आपल्या खिमटासारखा दुसरा पदार्थ नाही. इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ मिळत असेल तर उत्तम, नसेल तर घरातला कोणताही चालतो. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन सावलीत वाळवावी, मंद आचेवर वेगवेगळी भाजावी आणि रव्याइतकी भरड काढावी. दोन मोठे चमचे भरडीला एक वाटी पाणी घालून, चिमूटभर जिरेपूड टाकून, गुठळी न होऊ देता शिजवावे आणि उतरवल्यावर अर्धा चमचा साजूक तूप घालावे. मीठ आणि साखर वर्षभर लागत नाही. मोठ्यांना ते अळणी लागते, पण बाळाला तुलना करायला दुसरी चव ठाऊकच नसते.

खिमट दाट असूनही बाळाला सहज गिळता यावे, यासाठी नागली कामी येते. पुण्या-मुंबईत जिला नाचणी म्हणतात ती पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांत नागली म्हणून पिकते आणि नाशिकच्या बाजारात सहज मिळते. नागली रात्रभर भिजवून कापडात बांधावी. उन्हाळ्यात दिवसाभरात, तर थंडीत दोन-तीन दिवसांनी मोड येतात. ती वाळवून, ओलावा जाईल इतकीच हलकी शेकून दळावी. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होते आणि ते स्टार्चची साखळी तोडते. दाट शिजवलेले खिमट आचेवरून उतरवून थोडे निवल्यावर, पण गरम असतानाच, त्यात या पिठाचा अर्धा लहान चमचा ढवळला तर काही मिनिटांत ते सैल होते. मग पुन्हा एक उकळी आणावी. पाणी न वाढवता पदार्थ मऊ होतो, म्हणजे त्याच वाटीत अन्न अधिक राहते. पीठ जास्त भाजले तर विकर नष्ट होते, म्हणून खमंगपणाचा मोह टाळावा. नागलीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र भिजवून, वाटून, फडक्याने गाळून काढलेल्या पांढऱ्याशुभ्र सत्त्वात मुख्यतः स्टार्च उरतो. चोथ्याबरोबर बरेचसे पोषण निघून जाते. दिसायला ते सुरेख असले तरी माझे मत अख्ख्या पिठाच्या बाजूने आहे.

मिक्सर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ठीक आहे. पुढे खिमट, गुरगुट्या भात, उकडलेला बटाटा, लाल भोपळा हे सारे काट्याने किंवा हाताने कुस्करावे आणि आठव्या महिन्यापर्यंत मऊ गाठी येऊ द्याव्यात. नऊ-दहा महिन्यांपर्यंत केवळ गुळगुळीत वाटलेलेच मिळालेल्या मुलांमध्ये पुढे खाण्याच्या तक्रारी अधिक दिसतात. दात आले नाहीत म्हणून थांबण्याचे कारण नाही, कारण मऊ घास हिरड्यांनीही चांगला चिरडता येतो. वर्षाच्या सुमारास वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि घरच्यांच्या ताटातील, तिखट घालण्याआधी काढून ठेवलेली भाजी, इथपर्यंत बाळ पोहोचलेले असावे.

नवी चव आणि वारंवार येणारा नकार

बाळाने एखादा पदार्थ थुंकला की घरात लगेच ‘याला भोपळा आवडत नाही’ असा निकाल लागतो. नवी चव स्वीकारण्यासाठी बाळाला ती आठ-दहा वेळा, क्वचित त्याहूनही अधिक वेळा चाखावी लागते आणि बहुतेक आई-वडील तिसऱ्या-चौथ्या वेळीच हार मानतात. आमच्या घरी भोपळ्याला अकराव्या खेपेस प्रवेश मिळाला. तोवर उरलेला भोपळा रोज आम्हीच भाजी म्हणून खाल्ला. नवा पदार्थ आवडत्या पदार्थाच्या शेजारी, एकच चमचा, कौतुक किंवा नाराजी न दाखवता द्यावा; नाकारला तर बाजूला ठेवून दोन दिवसांनी पुन्हा द्यावा.

बाळाने तोंड फिरवले, चमचा ढकलला, ओठ मिटले की जेवण संपले. नाक दाबून, गाल चिमटून किंवा रडण्यासाठी तोंड उघडताच घास कोंबून भरवलेले बाळ पुढच्या वेळी वाटी पाहूनच रडू लागते. मोबाईलवर गाणी लावून भरवले तर घास जातो खरा, पण पोट भरल्याची जाणीव बाळाच्या ध्यानातच येत नाही आणि महिनाभरात मोबाईलशिवाय तोंडच उघडेनासे होते. चिऊ-काऊचा घास म्हणताना बाळ तुमच्याकडे आणि घासाकडे पाहत असते. हा फरक लहान नाही. काय, केव्हा आणि कुठे द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, हे बाळावर सोडावे.

हातात धरू द्यावे. गाजराची वाफवून मऊ केलेली बोटाएवढी फोड किंवा पिकलेल्या केळ्याचा तुकडा स्वतः तोंडात घालणारे बाळ चमचाही अधिक सहज स्वीकारते. खाली जुनी साडी अंथरावी आणि सांडू द्यावे.

प्रमाणाचा अंदाज असा: सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू २५० मिलिलिटरच्या वाटीची निम्मी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ ते अकरा महिन्यांत तेवढीच वाटी तीन-चार वेळा. हा अंदाज आहे, लक्ष्य नव्हे.

लोह, आणि काय टाळावे

लोहासाठी राजगिरा, पालक, मेथी यांची कोवळी पाने डाळीबरोबर शिजवून वर लिंबाचे दोन थेंब पिळावेत, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. मांसाहारी घरांत पूर्ण शिजवलेले अंडे, काटे काढलेला मासा आणि बारीक केलेले चिकन सहा महिन्यांनंतर देता येते. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून लोह व फॉलिक ॲसिडचे औषध आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर दिले जाते. त्याविषयी अंगणवाडी सेविका किंवा आशा ताईंना विचारावे. चहात बुडवलेले बिस्कीट बाळाला मुळीच देऊ नये: चहा लोहाचे शोषण रोखतो आणि बिस्कीट भूक मारते.

शेंगदाणा उशिरा द्यावा, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या बाळांना लहान वयातच शेंगदाणा नियमित दिल्याने पुढे ॲलर्जीचे प्रमाण खूप घटल्याचे दिसले. त्याचे अगदी बारीक कूट खिमटात मिसळून थोडेसे द्यावे. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मध मात्र वर्षापूर्वी चाटवण्यापुरताही नको. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत नाशिकच्या घरांत द्राक्षांच्या पेट्या येतात, म्हणून हे ठळकपणे सांगतो: अख्खे द्राक्ष बाळाच्या श्वासनलिकेत अगदी चपखल बसते. वर्षाच्या आतील बाळाला साल काढून, कुस्करून द्यावे. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत उभे चार तुकडे करून. मनुका भिजवून वाटाव्यात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि कच्च्या गाजराचे तुकडे बाळाच्या हाती लागू देऊ नयेत.

गाठी असलेले अन्न सुरू केल्यावर बाळ ‘ओ’ करते, लाल होते, खोकते आणि घास पुढे आणते. ही शरीराची नैसर्गिक दक्षता आहे, शांत राहावे. आवाज बंद झाला, खोकला येईना, ओठ निळे पडू लागले, तर घास अडकला आहे. बाळाला पालथे आपल्या हातावर, डोके खाली ठेवून धरावे आणि खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात; मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. अडथळा निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगावे. न दिसणारा घास काढण्यासाठी तोंडात बोट फिरवू नये.

वजन आणि डॉक्टर

पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन महिन्याला जवळजवळ एक किलोने वाढते. नऊ ते बारा महिन्यांत ती वाढ पाव किलोच्या आसपास येते. भूकही त्याच बेताने मंदावते आणि घरात चिंता मात्र याच काळात वाढते. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून ते माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखात भरून घ्यावे. रेषा आपल्या मार्गाने वर जात असेल तर चार चमचे कमी-अधिक झाल्याने बिघडत नाही. सर्दी, ताप, दात येणे यांत आठवडाभर खाणे घटते. तेव्हा दूध वाढवावे आणि बरे वाटल्यावर काही दिवस एक जेवण जास्त द्यावे.

आलेखाची रेषा सपाट झाली किंवा खाली वळली, प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, वारंवार उलट्या होत असतील, शौचात रक्त दिसले, एखाद्या पदार्थानंतर अंगावर गांधी उठल्या, किंवा नऊ महिने उलटूनही बाळ चमच्यावरचे काहीच गिळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर क्षणभरही थांबू नये. जाताना मागील तीन दिवसांत बाळाने काय, किती वाजता आणि किती खाल्ले, हे कागदावर लिहून न्यावे. त्यात दुधाच्या वेळा आणि आजोबांनी हळूच दिलेले बिस्कीटही लिहायला विसरू नये.