ट्रॅकवर गाडी शिकायला निघालात? या चुका टाळा

दिवाळी झाली की दोन-चार फोन ठरलेले. 'दादा, रेस ट्रॅकवरच्या ड्रायव्हिंग स्कूलला नाव नोंदवलंय. गाडीचं काय काय करून घेऊ?' कधी बीडहून, कधी लातूरहून. मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न येतोच: 'सायलेन्सर बदलू का रुंद टायर टाकू?' वीस वर्षं झाली गॅरेज चालवतोय, ब्रेकचं नाव आधी काढणारा अजून एक भेटायचाय.

आपल्या मराठवाड्यात रेस ट्रॅक नाही. जायचं तर कोइमतूरला, एस. करिवर्धन यांच्या नावाच्या 2.1 किलोमीटरच्या करी स्पीडवेवर, नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला; तो ट्रॅक 3.7 किलोमीटरचा. उत्तरेत ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथं 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. कुठंही जा, दोन दिवस रस्त्यातच जातात. फी वेगळी, लॉज वेगळं, पेट्रोल वेगळं. एवढं करून माणूस तिथं पोचतो आणि पहिल्याच तासात सगळं मातीत घालतो, कारण तो शिकायला आलेला नसतो, दाखवायला आलेला असतो.

ब्रेक ऑइल. पुन्हा एकदा, ब्रेक ऑइल.

हा माझा दुखरा विषय आहे, त्यामुळं जरा लांबेल.

माझा भाचा अंबाजोगाईचा. सहा वर्षं जुनी हॅचबॅक घेऊन निघाला. मी निघायच्या आधी बॉनेट उघडायला लावलं. ब्रेक ऑइलच्या डबीत पाहिलं तर कोऱ्या चहासारखा रंग. म्हटलं, हे बदल. 'मामा, चारच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग केलंय.' सर्व्हिसिंग केलं होतं खरं, पण त्यात वरून थोडं ऑइल ओतलं होतं, बस. सहा वर्षांत एकदाही पूर्ण बदललं नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डबी बंद असली तरी हळूहळू घेतंच. डॉट 4 प्रतीचं (ही प्रत डब्यावर लिहिलेली असते) ताजं ऑइल 230 अंशांच्या खाली उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की ती मर्यादा 155 पर्यंत येते. डॉट 3 असेल तर आकडे आणखी खाली: 205 आणि 140. गावातल्या चालवण्यात याचा पत्ता लागत नाही, कारण तिथं ब्रेक एवढे तापतच नाहीत. ट्रॅकवर मात्र हिशोब वेगळा. माणसांसकट तेराशे किलोची गाडी 120 वरून 60 वर आणायची म्हणजे दीड-पावणेदोन लिटर पाण्याला उकळी आणण्याएवढी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये ओतायची. तीही काही सेकंदांत, आणि एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, चार-पाच वेळा. सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवल्यासारखं, फक्त पातेलं म्हणजे तुमची डिस्क. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

नेमकं तेच झालं. तिसऱ्या सेशनला पॅडल पोचट लागायला लागलं, हे त्यानं नंतर कबूल केलं. त्या वेळी मात्र बाहेर यायच्या ऐवजी त्यानं अजून एक लॅप घेतला, कारण पुढच्या गाडीला गाठायचं होतं. सरळ पट्टा संपला, त्यानं ब्रेक मारला आणि पॅडल थेट पाट्याला टेकलं. त्यानं दोन-तीनदा पंप केलं, गिअर पाडला, आणि गाडी वळण सोडून सरळ मातीत गेली. मी पिटच्या, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या जागेच्या, भिंतीवरून बघत होतो. धूळ उठली, मग सगळं शांत. ती शांतता मला अजून ऐकू येते. माती मऊ होती, भिंत लांब होती, पोरगं सुखरूप. ओढून आणल्यावर चाकांजवळ गेलो तर तोच वास, जो कन्नडच्या औट्रम घाटात उतरणाऱ्या ट्रकच्या मागं यायचा. भाचा अर्धा तास काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मामा, कामून ऐकलं नाही म्या?'

माझी सवय सांगतो, पुस्तकात काय लिहिलंय ते तुम्ही बघा. निघायच्या आठवडाभर आधी सीलबंद डबा फोडून सगळं ब्रेक ऑइल बदलतो आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढतो. मागच्या वर्षी उघडलेला अर्धा डबा वापरत नाही. तो आता ब्रेक ऑइलचा डबा राहिलेला नाही. ब्रेक पॅड निम्म्यापेक्षा जास्त शिल्लक असेल तरच जातो. आणि एक सीलबंद डबा, पान्हा आणि पारदर्शक नळी डिकीत असते. त्या दिवशी पिटमध्ये भाच्याची गाडी त्यावरच उभी राहिली. डिकीत सबवूफर घालायला जागा असते, या तीन वस्तूंना नसते, हे मला कळत नाही.

हँडब्रेक

सेशन संपवून येतात आणि सवयीनं हँडब्रेक ओढतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागं ड्रम असतो. तापलेला ड्रम गार होताना आकसतो आणि दाबून धरलेल्या ब्रेक शूला घट्ट बसतो. मग पुढच्या सेशनला चाक सुटत नाही. पुढच्या डिस्क तापलेल्या असताना ब्रेक पॅडल दाबूनही थांबू नका. तापलेल्या पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि नंतर प्रत्येक ब्रेकला पॅडल थरथरतं. उपाय सोपा आहे. शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश मारायचा, पिटमध्ये आल्यावर पहिल्या गिअरला टाकून चाकामागं वीट ठेवायची. टर्बो गाडी असेल तर त्याआधी मिनिटभर चालू राहू द्यायची. हा सावकाश लॅप पोरांना पैसे वाया गेल्यासारखा वाटतो. असू दे.

वळणात पाय उचलणं

'मी समृद्धीवर चालवतो, मला काय शिकवता?' हे वाक्य दर वर्षी ऐकतो. समृद्धी 701 किलोमीटरची आहे आणि मर्यादा 120 ची. त्या सगळ्या अंतरात स्टिअरिंग खरं किती वळवता ते आधी मोजा. जालन्याहून नागपूरला किती तासांत पोचला हे सांगणाऱ्याचं कौतुक मी त्याच्या इंजिनाला देतो.

ट्रॅकवर वेगानं वळणात शिरलात, भीती वाटली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला, तर काय होतं? एसटीत उभे राहून प्रवास केलाय ना? ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळी माणसं पुढं झुकतात. गाडीचं वजनही तसंच पुढच्या चाकांवर येतं. मागची चाकं हलकी होतात, पकड सुटते आणि गाडीचा पार्श्वभाग बाहेर फेकला जातो. लातूरच्या एका दोस्तानं अशीच गिरकी घेतली आणि ट्रॅकवरचे प्लॅस्टिकचे कोन अंगावर घेऊन उलट्या दिशेला तोंड करून थांबला. त्यानंतर दोन तास तो टायरला दोष देत होता. वेग वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना कमी करायचा. आत शिरल्यावर पाय हलका ठेवायचा, झटका नाही. भीती वाटली तर पुढच्या लॅपला आधी ब्रेक मारा. त्यात कमीपणा नाही.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे लवकर वळायला घेणं. आतल्या कडेला आधी पोचलात की बाहेर पडताना रस्ता संपतो, आणि मग तोच पाय उचलायची वेळ येते. इन्स्ट्रक्टर कोन लावून ठेवतात ते शोभेला नाही. कोनपर्यंत थांबा, डोळे पुढच्या कोनवर ठेवा. बघाल तिकडंच गाडी जाते. खड्ड्याकडं बघत चालवलं की खड्ड्यातच जाते, हे आपल्या रस्त्यांनी शिकवलेलंच आहे.

बाकीच्या, पटपट

पहिल्या ड्रिलमध्ये पूर्ण ब्रेक मारायला सांगतात. पोरं अंड्यावर पाय ठेवल्यासारखा ठेवतात. एबीएसनं (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेनं) पॅडल थरथरलं की घाबरून सोडतात. ती थरथर म्हणजे काम चालू आहे, पाय तसाच दाबून ठेवा.

हवा गार टायरमध्ये भरा, आणि प्रत्येक सेशननंतर गेज लावून बघा. चार-सहा पौंड सहज चढतात. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, 2319 म्हणजे 2019 च्या 23व्या आठवड्यातला. नक्षी कितीही चांगली दिसू दे, जुन्या टायरवर मी लॅप घेत नाही.

स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटली, पायाखालची मॅट, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर काढा. बाप्पा पिटमध्ये थांबतील.

सीट आडवी करून झोपल्यासारखं बसू नका. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला असला पाहिजे.

ट्रॅकवरच्या इशाऱ्याच्या झेंड्यांची माहिती सांगत असताना मोबाइलवर स्टोरी टाकणारा माणूस मी माझ्या गाडीत बसवत नाही.

इन्शुरन्सचा कागद एकदा वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात वगळलेली असते. गाडीचं काही झालं तर खिशातून.

परतीची रात्र

दिवसभर वेगात राहिल्यावर डोळ्यांचं माप बिघडतं. हायवेवर 80 म्हणजे रांगल्यासारखं वाटतं, आणि अंग थकलेलं असतं. मी त्या रात्री गाडी चालवत नाही. जेवतो, झोपतो, सकाळी निघतो. त्या वेळीही तसंच केलं. सकाळी चहा झाल्यावर भाच्यानं किल्ली मागितली. लॉजच्या अंगणात गाडी दहा फूट पुढं घेतली, ब्रेक दाबला. पुन्हा दहा फूट, पुन्हा ब्रेक. असं चार वेळा. मग खाली उतरून बॉनेट उघडलं आणि डबीतला रंग बघितला.