७३७ वरून ए३२० वर जाताना: बटणं सापडतात, हातांच्या सवयी सुटत नाहीत

दोन वर्षं मी सिममध्ये (कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये) फक्त बोइंग ७३७ उडवत होतो. कोल्ड अँड डार्कपासून (सगळं बंद असलेल्या विमानापासून) गेटला लागेपर्यंत सगळं अंगवळणी पडलेलं. मग एअरबस ए३२० घेतलं आणि पहिल्या आठवड्यात एकदा क्रूझच्या उंचीवरच अडकून राहिलो, एकदा फ्लॅप्स (पंखांचे सरकते पट्टे) बाहेर असताना ओव्हरस्पीड झाला, म्हणजे वेग मर्यादेबाहेर गेला, आणि एकदा शेवटच्या दोनशे फुटांत इंजिनांनी अचानक जोर धरला. यातली एकही गोष्ट बटण न सापडल्यामुळे झाली नाही. बटणं दोन दिवसांत सापडतात हो. तिन्ही वेळा माझा हात ७३७ च्या सवयीने गेला आणि विमान तसं वागलं नाही. म्हणून नवीन टाइपवर (विमानाच्या नव्या प्रकारावर) जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की ओव्हरहेड पॅनल पाठ करत बसू नका, आधी तुमच्या हातांना कुठल्या सवयी लागल्यात ते ओळखा.

बहुतेक जण (मीही तेच केलं) पहिल्या दिवशी विमान कोल्ड अँड डार्क घेतात आणि एपीयू (छोटं सहाय्यक इंजिन), बॅटरी, एडीआयआरएस (दिशा-वेगाची माहिती देणारी यंत्रणा) यातच दीड तास घालवतात, मग टॅक्सीपर्यंत डोकं शिणतं आणि प्रत्यक्ष उडवताना लक्षच राहत नाही. उलट करा. इंजिनं चालू, रनवेवर उभं असलेलं विमान घ्या, ऑटोपायलट अजिबात लावू नका आणि नुसते सर्किट मारा, म्हणजे टेकऑफ, रनवेभोवती एक फेरी आणि लँडिंग. मी चार संध्याकाळी फक्त तेवढंच केलं आणि पुढचा सगळा अभ्यास त्यामुळे सोपा गेला.

साइडस्टिकचं (बाजूच्या कंट्रोल स्टिकचं) आधी बघू. ७३७ मध्ये स्पीड बदलला, फ्लॅप्स बदलले की नाक वर-खाली जातं आणि अंगठा आपोआप ट्रिमवर (नाक जागेवर धरायला हाताला लागणारा जोर काढून टाकणाऱ्या बटणावर) जातो. ए३२० नॉर्मल लॉमध्ये (कॉम्प्युटरच्या नेहमीच्या नियंत्रणात) स्वतःच ट्रिम करतं. तुम्ही स्टिक हलवता म्हणजे विमानाकडे जी-लोड (नाक किती जोराने वर-खाली वळावं) आणि रोल रेट (किती वेगाने कलावं) मागता, सोडली की विमान आहे तो मार्ग धरून ठेवतं. ३३ अंशांपर्यंतच्या वळणात स्टिक मागे धरून ठेवायचीही गरज नाही, त्यापलीकडे बँक नेऊन हात सोडला तर विमान स्वतः ३३ वर परत येतं. ७३७ वाल्याची अडचण अशी की हात सतत काहीतरी करत राहतो, छोटे छोटे धक्के देतो, आणि विमान डुलायला लागतं ते आपल्यामुळेच. थोडं हलवा, सोडा, बघा. एकदा हे जमलं की कळतं की घरच्या स्प्रिंगवाल्या जॉयस्टिकला ए३२० किती शोभतं, ७३७ मध्ये हीच जॉयस्टिक सेंटरला आणण्यासाठी सारखं ट्रिम करावं लागायचं.

थ्रॉटलवर मात्र खरंच वेळ द्या. ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल (पॉवर स्वतः सांभाळणारी यंत्रणा, ए३२० मध्ये तिचं नाव ऑटोथ्रस्ट) लागला की कॉकपिटमधले लिव्हर स्वतः पुढे-मागे सरकतात. ए३२० मध्ये ते जागचे हलत नाहीत, टेकऑफनंतर लिव्हर सीएल (क्लाइंब) डिटेंटला, म्हणजे त्या खाचेत, आणून ठेवायचे आणि लँडिंगपर्यंत तिथेच, मधला सगळा पॉवर ऑटोथ्रस्ट बघतो. म्हणजे लिव्हर इथे एका अर्थाने गाडीच्या गिअरसारखे आहेत: आयडल (सगळ्यात कमी पॉवर), सीएल, फ्लेक्स (टेकऑफची कमी केलेली पॉवर), टोगा (पूर्ण पॉवर), अशा ठरलेल्या खाचा. घरच्या थ्रॉटलला या खाचा नसतात, त्यामुळे कॅलिब्रेशन पहिल्याच दिवशी करा. फ्लायबायवायर या गटाच्या फुकट मिळणाऱ्या ए३२० मध्ये त्यासाठी कॉकपिटमधल्या टॅबलेटवर वेगळं पान आहे, बाकीच्या चांगल्या ॲड-ऑनमध्येही काही ना काही सोय असते. मी थ्रॉटलच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन बारीक तुकडे लावले, सीएलचा तुकडा जरा जाड ठेवला म्हणजे न बघता बोटाला लागतो. टेकऑफनंतर स्क्रीनवर एलव्हीआर सीएलबी (लिव्हर क्लाइंबला आणा) असं फ्लॅश होत राहिलं तर समजा तुमचा लिव्हर खाचेत बसलेला नाही.

आता ते दोनशे फुटांचं. ७३७ मध्ये मी ऑटोपायलट काढला की पाठोपाठ ऑटोथ्रॉटलही काढायचो, दोन क्लिक, विचारही न करता. ए३२० मध्ये तेच केलं. लिव्हर सीएलमध्ये होते. ऑटोथ्रस्ट सुटला की इंजिन लिव्हर जिथे असेल तेवढी पॉवर देतं, म्हणजे इथे थेट क्लाइंब पॉवर. विमान ग्लाइडस्लोपच्या (उतरायच्या ठरलेल्या वाटेच्या) वर उसळलं, स्पीड १३६ नॉट्सवरून बघता बघता १६० च्या पुढे, आणि मी घाबरून लिव्हर आयडलला ओढले. लँडिंग होणार नव्हतंच, गो-अराउंड केला, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर गेलो. तर ऑटोथ्रस्ट हाताने काढायचाच असेल तर आधी लिव्हर मागे आणा, एन१ च्या (इंजिनाची पॉवर दाखवणाऱ्या) गेजवर लिव्हरची जागा दाखवणारा छोटा गोल असतो तो आत्ताच्या पॉवरच्या काट्याला जुळवा आणि मगच काढा. नाहीतर सरळ चालू ठेवा, हाताने लँडिंग करतानाही या विमानात ऑटोथ्रस्ट चालू ठेवायला काही हरकत नाही, फ्लेअरमध्ये (रनवेला टेकण्याआधी नाक उचलताना) लिव्हर आयडलला आणले की तो आपोआप सुटतो. आणि हो, गो-अराउंडला लिव्हर पूर्ण टोगापर्यंत ढकला. अर्धवट ढकलले तर पॉवर वाढते पण गो-अराउंड मोड लागत नाही.

उंचीवर अडकलो ते असं झालं. ७३७ मध्ये व्हीनॅव्ह (आखलेल्या मार्गाप्रमाणे उंची सांभाळणारा मोड) लावलेलं असताना डिसेंटच्या (खाली उतरण्याच्या) आधीच खालची उंची डायल करून ठेवली की टॉप ऑफ डिसेंट, म्हणजे उतरायला लागायची जागा, आल्यावर विमान स्वतः उतरायला लागतं. मी ए३२० मध्ये तशीच उंची फिरवून ठेवली आणि उठून पाणी प्यायला गेलो. परत आलो तर त्या जागेचा बाण मागे गेलेला, विमान ३५,००० फुटांवर शांतपणे चाललंय आणि एअरपोर्ट ७० मैलांवर. ए३२० ला डिसेंट सुरू करायला तुम्ही सांगावं लागतं, उंची डायल करून नॉब आत दाबायचा. किती मैल आधी उतरायला लागायचं यासाठी हजारात उंची गुणिले तीन हा साधा हिशोब कुठल्याही विमानात धरा, ३५ त्रिक १०५ मैल, वर स्पीड कमी करायला दहा मैल. विमान काय दाखवतंय त्यावर तेव्हा मी विसंबलो, हा हिशोब मनात असता तर खुर्ची सोडली नसती.

नॉब दाबायचा की ओढायचा यात सुरुवातीला सगळे गोंधळतात. ७३७ मध्ये प्रत्येक मोडला वेगळं बटण, एलनॅव्ह (आखलेला मार्ग), हेडिंग सिलेक्ट (दिशा), लेव्हल चेंज (उंची). इथे मोड नॉबमध्येच आहे. आत दाबला म्हणजे विमानाच्या दिशेने ढकलला, काम विमानाला दिलं, मॅनेज्ड. आपल्याकडे ओढला म्हणजे काम मी घेतलं, सिलेक्टेड. एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. सिममध्ये माउसने दाबणं-ओढणं हे दोन वेगळे क्लिक असतात आणि घाईत हमखास उलटा पडतो, म्हणून स्पीड, हेडिंग, उंची या तीन नॉबचं दाबणं-ओढणं जॉयस्टिकच्या बटणांना लावून घ्या.

ओव्हरस्पीडचं कारणही हाच नॉब. हेडिंगवर (मी स्वतः दिलेल्या दिशेवर) फिरत होतो, फ्लॅप्स २, स्पीड स्वतः १८० ठेवलेला. फायनलला (रनवेसमोरच्या शेवटच्या टप्प्यावर) आलो म्हणून स्पीडचा नॉब दाबला, आता अप्रोच स्पीडवर येईल असं वाटलं. टार्गेट गेलं २५०. फ्लॅप्स २ ची मर्यादा २०० नॉट्स. कारण अप्रोच फेज ॲक्टिव्हेटच झालेली नव्हती, विमानाच्या लेखी अजून डिसेंट चालू होता. एनएव्ही मोडमध्ये (आखलेल्या मार्गावर) राहून डीसेल पॉइंट (वेग कमी करायची जागा) ओलांडला तर ती आपोआप होते, हेडिंगवर असाल तर विमानाच्या कॉम्प्युटरच्या परफ (परफॉर्मन्स) पानावर जाऊन स्वतः करावी लागते. एटीसीबरोबर (हवाई वाहतूक नियंत्रकांबरोबर) ऑनलाइन उडवणाऱ्यांना हे रोज लागतं कारण तिथे हेडिंग मिळतातच.

या सगळ्यावर उपाय एकच, एफएमए (कुठला मोड चालू आहे ते दाखवणारी पट्टी) वाचायला शिका. प्रायमरी डिस्प्लेच्या वरच्या पट्टीत पाच रकाने असतात, हिरवं म्हणजे आत्ता चालू, निळं म्हणजे तयारीत. काहीही दाबलं की नजर बटणावर ठेवू नका, त्या पट्टीवर न्या आणि मोठ्याने वाचा. टेकऑफला मी अजूनही खोलीत एकटा असलो तरी बोलतो, ‘मॅन फ्लेक्स, एसआरएस, रनवे, ऑटोथ्रस्ट निळा’. ७३७ लाही एफएमए आहेच, पण तिथे बटणांचे दिवे बघून काम भागायचं म्हणून मी तो कधी नीट वाचलाच नव्हता.

फ्लेअरला हाताची सवय बदलावी लागते. ५० फुटांना विमान फ्लेअर मोडमध्ये जातं आणि ३० च्या खाली स्वतःच नाक हळूहळू खाली नेतं, म्हणजे तुम्हाला नेहमीच्या विमानासारखी स्टिक मागे घ्यावी लागेल. साधारण ३० फुटांना हलकेच मागे, मग धरून ठेवायचं, ७३७ पेक्षा जरा आधी. २० ला ‘रिटार्ड’ ऐकू येतं ती नुसती आठवण आहे, लिव्हर तुम्हालाच मागे घ्यायचेत. पाच-सहा सर्किटमध्ये बसतं.

एमसीडीयू (फ्लाइटची माहिती भरायचा कीपॅड आणि स्क्रीन) भरणं त्यामानाने सोपं आहे, डेटा, इनिट, फ्लाइट प्लॅन, रेडनॅव्ह, इंधनाचं पान, परफ, या क्रमाने गेलात की काही राहत नाही. फक्त सिमब्रीफमध्ये (फ्लाइट प्लॅन काढायच्या साइटवर) एअरफ्रेम (विमानाचा प्रकार) बदलायला विसरू नका, जुन्याच विमानाचा प्लॅन काढला तर इंधन आणि वजनं दोन्ही चुकतात. रूट एकच घ्या, पाऊण तासाचा, आणि तोच दहा वेळा करा.

पहिले दोन महिने तरी जुन्या टाइपला हात लावू नका. मी मधल्या एका शनिवारी ‘एकच फ्लाइट’ म्हणून ७३७ घेतलं आणि सोमवारी ए३२० मध्ये पुन्हा अंगठा ट्रिम शोधत होता. तीन महिन्यांनी नीट ठरवून ७३७ वर परतलो तेव्हा टेकऑफनंतर स्टिक सोडून दिली आणि स्पीड वाढत गेला तसं नाक वर चढत गेलं, दोन-तीन सेकंद मी वाट बघत होतो की विमान स्वतः धरेल. मग ट्रिम दाबला, आणि बाजूचं ट्रिमचं ते मोठं चाक खडखड फिरल्याचा आवाज ऐकून फार बरं वाटलं.