डायलिसिसच्या मधल्या सुट्टीत या चुका टाळा

आबांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवारी घरी आले की मंगळवारपर्यंत मोकळे, आणि रविवारी कोल्हापुरातल्या घरात तांबडा-पांढरा होतोच. "एका वाटीनं काय हुतंय?" म्हणत दोन्ही रश्श्यांच्या वाट्या रिकाम्या व्हायच्या. पहिल्याच वर्षी एका सोमवारी रात्री त्यांना आडवं होता येईना. पाठीला उश्या लावून बसले, तरी धाप लागलेलीच. पहाटे दवाखान्यात वजन केलं तर शनिवारपेक्षा चार किलोंनी जास्त. ते सगळं पाणी होतं, निकामी किडन्यांना बाहेर न टाकता आलेलं.

आठवड्यात तीनदा डायलिसिस असलं की एकदा हा दोन दिवसांचा खंड पडतोच, आणि जास्त धोका तिथंच असतो. अमेरिकेतल्या 32 हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण वर्षाला शंभरामागे 22 या दरानं होतं, इतर दिवशी 18.

आमची मोठी चूक अशी, की आम्ही पाणी मोजत होतो, मीठ नाही. साधारण 8 ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर लिटरभर पाणी मागतं. मग तहान दाबायची कशी? रस्सा, लोणचं, पापड, फरसाण कमी केल्यावर आबांची तहान आपोआप उतरली. सैंधवही मीठच. 'लो सोडियम' मीठ तर अजिबात आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि ते वाढलं तर हृदय अचानक बंद पडू शकतं. शहाळं, उसाचा रस, गूळ आणि पांढऱ्यातलं नारळाचं दूध यांतही पोटॅशियम भरपूर.

पण म्हणून मटणच बंद करू नका. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात आणि घरचे तेच पुढं चालू ठेवतात. आता उलट आहे: डायलिसिसमध्ये प्रथिनं वाहून जातात, अंग झडतं, आणि असा खंगलेला रुग्ण साध्या जंतुसंसर्गानंही कोसळतो. आबांच्या ताटात आता अळणी शिजवलेल्या चार फोडी असतात, रस्सा नाही. रोज अंड्याचा पांढरा भागही देतो. किती द्यायचं ते आपल्या आहारतज्ज्ञाला विचारून ठरवा.

"आज अर्धा तास आधी सोडा" हा हट्टही नको. चार तासांत चार लिटर काढतानाच पायात गोळे येतात, बीपी घसरतं; वेळ कमी केला तर पाणी अंगातच राहतं.

फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. त्या हातावर बीपी, डायलिसिसशिवाय दुसरी सुई, घट्ट घड्याळ नको. रोज सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का बघा. ती थांबली, धाप लागली किंवा हातापायातलं बळ गेल्यासारखं झालं, तर रविवार असो की मध्यरात्र, मंगळवारची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.