पाणी शिरले, तक्रार कोणाकडे? बडोद्यात होणाऱ्या या चुका टाळा

दांडिया बाजारात किंवा मांजलपूरच्या एखाद्या सोसायटीत पाणी शिरले की बहुतेक जण नगरसेवकाला फोन लावतात आणि मग वॉर्ड ऑफिस, कलेक्टर कचेरी, पुन्हा वॉर्ड ऑफिस अशा खेपा सुरू होतात. पाणी कोठून आले हे न पाहता केलेल्या तक्रारीची हीच गत होते.

नदीचा पूर आणि तुंबलेले पाणी यांची गल्लत ही सर्वांत मोठी चूक होय. पाऊस थांबल्यावरही पाणी चढतच असेल, तर काळा घोडा पुलाजवळची विश्वामित्री नदीची पातळी आधी पाहावी. तेथे धोक्याची खूण २६ फुटांवर आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. अशा वेळी गल्लीतले गटार साफ करण्याची मागणी निरर्थक ठरते. सुटकेसाठी अग्निशमन दल किंवा १०७७ या क्रमांकावरचा जिल्हा नियंत्रण कक्ष गाठावा. आजवा तलावातून नदीत सोडलेल्या पाण्याबद्दल मात्र पाटबंधारे खात्याला दोष देण्याची घाई करू नये, कारण सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधवलेला तो तलाव महापालिकेच्याच ताब्यात आहे.

पाऊस थांबल्यावर काही तासांत पाणी ओसरत असेल, तर दोष बहुधा पावसाळी गटाराचा किंवा काँसाचा (उघड्या नाल्याचा) असतो आणि तो महापालिकेच्या कक्षेत येतो. झाकणातून काळे, दुर्गंधीयुक्त पाणी उसळत असेल, तर ते मलवाहिनीचे असते. हा फरक तक्रारीत लिहिला नाही, तर भलतेच पथक येऊन परत जाते. नेमके झाकण, वेळ आणि फोटो द्यावा व तक्रार क्रमांक जपून ठेवावा. सोसायटीच्या फाटकाच्या आतली नळी तुंबली असेल, तर मात्र ती सोसायटीनेच साफ करून घ्यायची असते, हे कार्यकारिणीला सहसा रुचत नाही.

भायली, सेवासी, बिल ही गावे २०२० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली, तरी तेथील काही रहिवासी अजून जुन्या सवयीने पंचायतीकडे जातात. राष्ट्रीय महामार्गाखालची मोरी तुंबली असेल, तर महामार्ग प्राधिकरणाला लिहावे आणि प्रत महापालिकेला द्यावी. विजेचा धोका वीज कंपनीला कळवावा. अंगणात मगर आली, तर वनखात्याला.

नुकसानभरपाईची वाट वेगळी आहे. सरकारने मदत जाहीर केल्यावर पाहणी महसूल खात्याच्या देखरेखीखाली होते, त्यामुळे वॉर्ड ऑफिसातली जुनी तक्रार तेथे पुरेशी ठरत नाही. घर धुण्याची घाई स्वाभाविक असली, तरी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेले सामान यांचे तारखेसह फोटो त्याआधी काढावेत. विमा असेल, तर कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावे.