अनामिक चित्रकाराचे रोमँटिक काळातील आत्मचित्र कसे तपासावे

१७९० ते १८५०च्या सुमाराचे, पण चित्रकाराचे नाव ठाऊक नसलेले आत्मचित्र समोर आले, की नावाचा शोध लगेच सुरू करण्याचा मोह होतो, तो आवरावा. मुळात ते आत्मचित्र आहे का, हे आधी ठरवावे, कारण त्या काळात कलावंत आपल्या मित्रांचीही व्यक्तिचित्रे आवडीने काढत. लूव्र संग्रहालयातील स्टुडिओत बसलेल्या तरुणाचे चित्र एकेकाळी फ्रेंच रोमँटिक चित्रकार जेरिकोचे आत्मचित्र समजले जाई. पुढे त्या समजाविषयीच शंका घेतली गेली.

पहिली साक्ष आरशाची. आरशात पाहून रंगवताना उजव्या हातातील कुंचला डाव्या हातात दिसतो आणि पुरुषाच्या जाकिटाची उजवी बाजू डावीवर आलेली दिसते. हात चित्रकार मुद्दाम बदलून घेऊ शकतो, बटणांकडे मात्र त्याचे सहसा लक्ष जात नाही, म्हणून माझा भरवसा बटणांवर अधिक आहे. त्यातही एकेरी बटणांचे जाकीटच पाहावे. दुहेरी बटणांचा कोट दोन्ही बाजूंनी लावता येत असल्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

काळ ठरवताना उंच कॉलर, गळपट्टा आणि विस्कटलेले केस यांवर विसंबू नये, कारण पोशाखाची नक्कल नंतरही करता येते. रंगद्रव्ये अधिक प्रामाणिक असतात. कोबाल्ट निळा १८०२ नंतरचा, कृत्रिम अल्ट्रामरीन हा गडद निळा १८२०च्या दशकाच्या अखेरचा. टायटॅनियम पांढरा मूळ रंगलेपात सापडला, तर चित्र विसाव्या शतकातील किंवा त्यानंतरचे आहे. ही तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्यावी.

कोपऱ्यात सही आढळल्यास ती भिंगाखाली पाहावी. सहीचा रंग जुन्या तड्यांत उतरला असेल, तर तडे आधीचे आणि सही नंतरची, बहुधा किंमत वाढवण्यासाठी घातलेली. अतिनील प्रकाशात जुने वॉर्निश हिरवट चमकते आणि त्यावरील नंतरची डागडुजी काळपट दिसते, त्यामुळे ही शंका तेथेही पडताळता येते. गडद भागातील रुंद, मगरीच्या कातडीसारख्या भेगा पाहून मात्र घाबरू नये. त्या काळात लोकप्रिय असलेल्या डांबरी तपकिरी रंगाचा तो परिचित दोष आहे.

कॅनव्हासची मागील बाजू स्वच्छ करण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, कारण कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का आणि पत्ता असला, तर तेथेच असतो. एवढे करूनही नाव हाती आले नाही, तर नोंदीत ‘चित्रकार अज्ञात, बहुधा आत्मचित्र’ असे लिहून त्या ‘बहुधा’ची कारणे खाली सविस्तर द्यावीत.